डबल व्हेक्टर बंद करायची का? गणेश मंडळाच्या फ्री फायर स्पर्धेतलं एक प्रकरण

प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीकडच्या एका गावातलं आहे. 2025 च्या गणेशोत्सवात तिथल्या मंडळानं फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा ठेवली. क्लॅश स्क्वॉड हा प्रकार, चार विरुद्ध चार, 16 संघ, तीन संध्याकाळी, जागा समाजमंदिर. तालुक्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे आणि मंडळाचे निम्मे पोट्टे तिथून शिकून गेलेले, म्हणून पंच म्हणून मला बोलावलं. गावाचं आणि संघांचं नाव मुद्दाम देत नाही. सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत आणि वाद अजून पुरता निवलेला नाही.

वाद एका बंदुकीचा होता, खरं तर एका बंदुकीच्या जोडीचा. दुसऱ्या संध्याकाळी, उपांत्यपूर्व सामन्यानंतर, तालुक्याच्या संघांनी मागणी केली की डबल व्हेक्टर, म्हणजे दोन्ही हातांत एकेक व्हेक्टर बंदूक, बंद करा. स्पर्धा अर्धी झालेली, चार संघ उरलेले, आणि मंडळाला सकाळपर्यंत ठरवायचं होतं.

कागदावर काय होतं

आधी संघामागे थोडी प्रवेश फी ठरली होती. पण ऑगस्टमध्येच केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. त्या कायद्यात ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत. तरी गावच्या मंडळाची स्पर्धा नेमकी कोणत्या खान्यात बसते हे वकिलाला विचारत बसायची कोणाची तयारी नव्हती. फी रद्द झाली. मग बक्षिसाचे 5,001 रुपये आणि कप तालुक्याच्या एका मोबाइल दुकानानं दिला. त्याच दुकानात उठबस असलेल्या पोरांचे दोन संघ स्पर्धेत होते. ही गोष्ट तेव्हा कोणाला खटकली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री मात्र बैठकीत तिचं नाव न घेता सगळे तिच्याभोवतीच फिरत होते.

नियमांचा कागद मंडळाच्या सचिवानं हातानं लिहून समाजमंदिराच्या दाराला चिकटवला होता. गन अ‍ॅट्रिब्यूट बंद. लाँचर नाही. पॅनल, हॅक असलं फसवणुकीचं सॉफ्टवेअर सापडलं तर संघ बाद. प्रत्येकानं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. कॅरेक्टर स्किल, म्हणजे पात्रांच्या खास शक्ती, चालू. डबल व्हेक्टरबद्दल एक अक्षर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटांच्या, नियमांत ‘नो डबल व्हेक्टर’ ही ओळ हमखास असते. तालुक्याच्या पोरांनी ती गृहीत धरली. गावच्या पोरांनी कागद वाचला.

गन अ‍ॅट्रिब्यूटवर भांडण झालं नाही, आणि ते का झालं नाही हे बघण्यासारखं आहे. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या स्किनला, म्हणजे वरच्या सजावटीला, नुसता रंग नसतो. काही स्किनमुळे मार वाढतो, काहींनी गोळ्या जलद सुटतात, बदल्यात एखादी बाजू कमी होते. चांगल्या स्किन आणि इव्हो गन बहुतेक डायमंड टॉप-अप करूनच, म्हणजे खऱ्या पैशांनी खेळातलं चलन विकत घेऊनच, मिळतात. म्हणजे खेळाबाहेरचा पैसा थेट खेळात उतरतो. रूम, म्हणजे सामन्याची खाजगी खोली, तयार करतानाच हे अ‍ॅट्रिब्यूट बंद करायची सोय आहे. एक बटण दाबलं की सगळ्यांची बंदूक सारखी. ज्या एका पोरानं इव्हो गनवर बरेच पैसे घातले होते तो थोडा कुरकुरला, बाकी कोणाचं काही म्हणणं नव्हतं. डबल व्हेक्टर विकत घ्यायला असा बाहेरचा पैसा लागत नाही. ती सामन्यातल्या पैशांवर दोन्ही संघांना सारखीच मिळते. म्हणून तिचा प्रश्न अवघड.

बंदूक करते काय

व्हेक्टर ही जवळच्या अंतराची एसएमजी, म्हणजे भराभर गोळ्या सोडणारी छोटी बंदूक. दोन घेतल्या की पात्र दोन्ही हातांत एकेक धरतं. तशी धरली की स्कोप लावून नेम धरता येत नाही, कमरेवरूनच झाडायची. पण गोळ्यांचा वेग इतका की समोरचा दहा-बारा पावलांवर असेल तर त्याला ग्लू वॉल, म्हणजे आडोशाची झटपट भिंत, टाकायलाही उसंत मिळत नाही. क्लॅश स्क्वॉडमध्ये नकाशाचा छोटा तुकडाच वापरात असतो, झोन, म्हणजे खेळायची सुरक्षित जागा, आकसत जातो, आणि शेवटी सगळ्यांना जवळ यावंच लागतं. चार फेऱ्या आधी जिंकेल तो संघ पुढं. अशा खेळात जवळच्या बंदुकीला भाव येणारच.

तिचं दुसरं अंगही सांगायला हवं. गोळ्या भसाभस संपतात. भरायच्या वेळी धारक उघडा पडतो. लांबून ती जवळजवळ निकामी. आणि तिच्यासाठी दोन बंदुकांची जागा जाते, म्हणजे सोबत लांब पल्ल्याचं काही ठेवता येत नाही. उत्तर नाही असं नाही. अंतर राखा, ग्लू आधीच टाका, ग्रेनेड फेका, गोळ्या संपायची वाट बघा.

दोन बाजू

उपांत्यपूर्व सामन्यात गावच्या संघानं तालुक्याच्या पहिल्या संघाला 4–1 असं हरवलं. चारही जिंकलेल्या फेऱ्यांत गावच्या किमान तिघांकडे डबल व्हेक्टर होती. समाजमंदिरात आरडाओरडा, बाहेर ढोल. हरलेला कर्णधार माझ्याकडे आला तो रागानं नाही, अपमानानं.

“सर, यात कायचा गेम हाय? बटण दाबून धरलं का झालं. लहान पोट्टंबी करते ते. आमी वर्षभर ड्रॅग मारून मारून हात बसवला, तो काहून मंग?”

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ड्रॅग हेडशॉट म्हणजे फायरचं बटण नेमक्या वेळी वर ओढून नेम डोक्यावर बसवणं. ते खरंच सरावाचं काम आहे. बोटाचा वेग, सेन्सिटिव्हिटीचं सेटिंग, समोरच्याच्या हालचालीचा अंदाज, तिन्ही जुळावं लागतं. असा खेळाडू तीन फेऱ्या लागोपाठ एका कोपऱ्यात झाडाझाड होऊन मरत असेल तर त्याला आपलं कसब पाण्यात गेल्यासारखं वाटणारच.

गावच्या संघाचा कर्णधार हंगामात जिनिंगवर कामाला जातो. त्याचा फोन त्याच्या मोठ्या भावाचा जुना, काच तडकलेली. पहिल्या दिवसापासून तो फोनच्या पाठीला ओला रुमाल लावून खेळत होता. त्यानं जे सांगितलं ते मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. वन टॅप म्हणजे एका गोळीत हेडशॉट.

“आमच्या फोनले वन टॅप झेपते काय सर? त्याले कॉलच कसाबसा झेपते. दुरून मारा म्हंते, दुरून मारतो तवा समोरचा दिसते एका जागी अन् असते दुसऱ्या जागी. जवळ गेलो तं कमसेकम दिसते तरी. ते बंदूक बंद करून रायले तं करा, पन मंग आमचे फोनबी बदलून द्या.”

यात थोडी नाटकबाजी होती, पण मुद्दा खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. हलक्या फोनवर चालणारा खेळ म्हणूनच फ्री फायर खेड्यापाड्यात पसरला. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्रानं 54 अ‍ॅपवर बंदी घातली त्यात मूळ फ्री फायर गेलं. मॅक्स राहिलं. मॅक्स दिसायला देखणं आणि फोनला जड. म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्यात साधे फोन होते त्यांच्या हातून हलका खेळ गेला आणि जड खेळ आला. आता हिशेब बघा. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या फोनवर नवं चित्र साधारण 17 मिलिसेकंदांनी येतं, 30 दाखवणाऱ्यावर 33 नी. फोन तापला की तेही अडखळतं. ड्रॅग हेडशॉट सेकंदाच्या छोट्या तुकड्यात व्हायचा असतो. तिथं हा फरक थेट बोटाखाली जाणवतो. दाबून धरायच्या बंदुकीला तो फारसा जाणवत नाही.

म्हणजे ज्या बंदुकीला तालुका ‘बिनकसबाची’ म्हणत होता, ती गावच्या फोनवर चालणाऱ्या मोजक्या बंदुकांपैकी एक होती. ती बंद केली असती तर सगळे सारखे झाले नसते. फोनमधला फरक तेवढा मोकळा सुटला असता.

रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं

बैठकीआधी मी आणि मंडळाचे दोघं त्या सामन्याचं रेकॉर्डिंग घेऊन बसलो. मला बघायचं होतं की मरणारे मेले कसे. बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसली. तालुक्याचा संघ फेरी सुरू होताच रश करत होता. चौघंही धावत गावच्या संघाच्या अंगावर, म्हणजे नेमके त्या अंतरात जिथं ती बंदूक चालते. एकाच फेरीत ते मागे थांबले, दोन ग्लू टाकून लांबून खेळले, आणि ती एकच फेरी जिंकले. पुढच्या फेरीला पुन्हा रश! का, हे मी त्यांच्या कर्णधाराला विचारलं. तो म्हणाला, “मागं थांबून खेळणं कॅम्पिंग होते सर. लोक हसतात.”

त्याच स्पर्धेत 16 संघांच्या पहिल्या टप्प्यात आणखी एका गावच्या संघानं चौघांनाही डबल व्हेक्टर दिली होती आणि तो संघ सपाटून हरला होता. समोरच्यांनी गच्चीवरून ग्रेनेड टाकले, विषय संपला. तेव्हा कोणी बंदीचं नाव काढलं नव्हतं.

फोनच्या युक्तिवादालाही रेकॉर्डिंगनं थोडी कात्री लावली. गावच्या संघातला सगळ्यात लहान पोट्टा तशाच जुन्या फोनवर वुडपेकर या लांब पल्ल्याच्या बंदुकीनं दोन सुंदर हेडशॉट मारून गेला होता. फोन आडवा येतो, पण पुरता अडवत नाही.

इतरांनी काय केलं

असा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिलेला नाही. 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये अकुमा हे लपवलेलं पात्र होतं. त्याच्या हवेतून टाकलेल्या आगीच्या गोळ्याला बाकीच्या पात्रांकडे धड उत्तरच नव्हतं, म्हणून स्पर्धांनी त्याला बाहेर ठेवलं आणि त्यावर आजही फारसा वाद नाही. सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या तशाच खेळातल्या मेटा नाइट या पात्राची गोष्ट गुंतागुंतीची. तो अजिंक्य नव्हता, पण इतका वरचढ होता की संयोजकांच्या एका गटानं 2011 मध्ये बंदी जाहीर केली, ती 2012 पासून लागू व्हायची होती. पण 2012 च्या अपेक्स या मोठ्या स्पर्धेनं त्याला खेळू दिलं, आणि बंदीचा एकमुखीपणा तिथंच संपला.

फ्री फायरमध्येच क्रोनो आठवा. डिसेंबर 2020 मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोच्या रूपात आलेलं पात्र, 600 इतका मार अडवणारं कवच घेऊन. काही महिने सगळीकडे क्रोनोच क्रोनो. पुढच्या अपडेटमध्ये खेळाच्या कंपनीनं, गरेनानंच, त्याची ताकद उतरवली. कंपनीकडे ही सोय असते. मार पाच टक्क्यांनी कमी करता येतो, वेळ दोन सेकंदांनी वाढवता येतो. गावच्या मंडळाकडे अशी किल्ली नाही. रूममधली चार-दोन बटणं आणि दारावरचा कागद, एवढंच त्याचं हत्यार. त्यातही डबल व्हेक्टरचा नियम पाळायचा खेळाडूनं आणि पकडायचा पंचानं.

माझी कसोटी या उदाहरणांवरून ठरली होती. ज्याला उत्तरच नाही ते बंद करावं. ज्याला उत्तर आहे पण ते देणं लोकांना कमीपणाचं वाटतं, ते बंद करायचं कारण नाही. डबल व्हेक्टर मला दुसऱ्या खान्यातली वाटली.

बैठक

रात्री मंडपाच्या मागं बैठक बसली. आरती होऊन गेली होती, पाऊस पडून गेला होता, आणि लाइन येऊन-जाऊन असल्यामुळे इन्व्हर्टरच्या एका बल्बवर काम चाललं होतं. तालुक्याचा दुसरा संघ अजून स्पर्धेत होता आणि उपांत्य सामना त्याचा गावच्या संघाशीच होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं की बंदी नसेल तर खेळणार नाही. खेळले नाहीत तर कपाचं काय, हे कोणी बोललं नाही. पहिल्या संघाला फेरसामना हवा होता. तो प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघाला. कागदावर नव्हतं ते मोडलं कसं म्हणायचं?

मंडळात तीन मतं पडली. तरण्यांना पूर्ण मोकळीक हवी होती. सचिवाला बंदी हवी होती, कारण पुढच्या वर्षी देणगीसाठी त्यालाच त्या दुकानात जावं लागणार. एकानं सुचवलं की दोन्ही संघांना मंडळानं सारखे फोन द्यावेत, मोठ्या स्पर्धांत आयोजक देतात तसे. कल्पना रास्त होती, पण आठ बरे फोन आणायचे कुठून? आणि ज्याचा हात चार बोटांनी खेळायच्या स्वतःच्या बटणांच्या मांडणीवर बसलाय त्याला दुसऱ्याच्या फोनवर रात्रीतून खेळवणं ही वेगळीच शिक्षा.

तोडगा काढला तो एका काकाजींनी. ते जुने कबड्डीपटू, मोबाइलवर फक्त हवामान आणि कापसाचा भाव बघणारे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि विचारलं, “कबड्डीत रिकामी रेड बंद केली काय कोनी?” प्रो कबड्डीत रिकाम्या, म्हणजे गुण न आणता परतायच्या, रेड टाकून वेळ काढण्यावर बंदी घातली नाही. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद, एवढंच ठरवलं. रिकामी रेड राहिली, तिच्या आडोशाला बसणं गेलं. “तुमच्या या बंदुकीले बी तसंच दावं लावा ना बाप्पा. सोडूबी नका, मारूबी नका.”

त्यातून नियम निघाला. उपांत्य सामन्यापासून एका फेरीत एका संघातल्या एकाच खेळाडूकडे डबल व्हेक्टर असेल. दुसरा पंच रूममध्ये प्रेक्षक म्हणून बसून बघेल. मोडला तर ती फेरी समोरच्याला. झालेले निकाल कायम.

मी माझी हरकत नोंदवली, आणि ती इथंही नोंदवतो. नियम वाईट नव्हता. त्याची वेळ वाईट होती. स्पर्धा चालू असताना नियम बदलायचा तर त्याशिवाय स्पर्धा पुढं जाऊच शकत नाही अशी अवस्था हवी. एका संघाची बाहेर पडायची धमकी ही ती अवस्था नव्हे, विशेषतः बक्षीस त्याच बाजूनं आलेलं असताना. गावच्या संघानं दोन दिवस एका कागदावर खेळून चाल बसवली होती. त्यांना तिसऱ्या दिवशी दुसरा कागद मिळाला. माझं मत होतं की यंदा जसं आहे तसं संपवावं आणि हाच नियम पुढच्या वर्षी आठ दिवस आधी दारावर लावावा. मत एकट्याचं पडलं. काकाजी म्हणाले, “सर, तुमचं बरोबर हाय, पन उद्या खेळ झाला पायजे.” गावात राहायचं असतं त्यांना, मला नाही.

उपांत्य सामना

नियमाचा परिणाम खेळावर चांगला झाला, हे मान्य करायला हवं. गावच्या संघानं एक डबल व्हेक्टरवाला पुढं घातला आणि तिघं मागून ग्रेनेड आणि शॉटगन घेऊन आले. आदल्या दिवशीच्या फेऱ्या उरकल्यासारख्या संपत होत्या. आता त्या रंगल्या. बाया-माणसंही टीव्हीपुढं येऊन बसली. तालुक्याचा दुसरा संघ शहाणा निघाला. पहिल्या संघाचं बघून तो रश न करता अंतर राखून खेळला. 3–3.

सातव्या फेरीत तालुक्याच्या कर्णधारानं स्वतःच डबल व्हेक्टर घेतली. आदल्या रात्री जो पोरगा ‘बंदी नसेल तर खेळणार नाही’ म्हणत होता, तोच. झोन आकसला, तो ग्लूच्या आडून सरकत जवळ आला आणि दोघांना एका दमात झोपवून फेरी घेऊन गेला. समाजमंदिरात एकदम गोंधळ.

“आता काहून घेतली बे? लहान पोट्टंबी करते ना ते?”

“नियमात हाय ना गा.”

होतंच नियमात. दुसऱ्या पंचानं मान डोलावली, मी निकाल दिला. गावचा कर्णधार काही बोलला नाही. त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि रुमाल पिळून खिडकीत टाकला. तालुक्याचा संघ अंतिम सामन्यात दुसऱ्याच एका गावाकडून हरला, तोही असा एकतर्फी की त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्या विजेत्या संघानं पूर्ण स्पर्धेत व्हेक्टरला हात लावला नव्हता.

पुढच्या वर्षीचा कागद

दसऱ्यानंतर मंडळानं मला पुन्हा बोलावलं, नवा मसुदा करायला. दोन गोष्टींवर लगेच एकमत झालं. नियम स्पर्धेच्या आठ दिवस आधी लागतील आणि पहिला सामना सुरू झाल्यावर कोणी काही म्हटलं तरी बदलणार नाहीत. आणि बक्षीस देणाऱ्याचा संघ खेळत असेल तर बक्षीस वर्गणीतून. डबल व्हेक्टर संघात एक, हा नियम तसाच ठेवला. गावच्या संघानंच तो ठेवायला सांगितलं. त्यांना तसं खेळायला मजा आली म्हणे.

अडलंय ते फोनवर. गावच्या संघाची मागणी अशी की दर दोन फेऱ्यांनंतर फोन थंड करायला पाच मिनिटं मिळावीत. तालुक्याच्या पोरांचं म्हणणं की त्यानं लय तुटते आणि सामना रात्री बारापर्यंत लांबतो. मी तीन मिनिटं सुचवली आहेत. सचिवानं ती ओळ पेन्सिलनं लिहून ठेवली आहे.